चाकावर माती मधोमध बसत नाही: ताकद कमी पडते की तंत्र?

सातव्या_मजल्यावरची

मंडळी, इथे कुंभाराच्या चाकावर काम करणारं कुणी आहे का?

अंधेरीच्या एका स्टुडिओत शनिवार-रविवारचा वर्ग केला. तिथे बरं जमत होतं. मग हौस दांडगी, म्हणून कुणाचं तरी जुनं विजेचं चाक विकत घेतलं आणि कांदिवलीच्या घरी ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून बसवलं. तेव्हापासून किलोभर मातीचा गोळा काही केल्या सेंटर होत नाहीये. चाकाच्या फिरत्या थाळीवर आपटते, पाणी लावते, दाबते. हात ठेवलेला असतो तोवर गुळगुळीत फिरतोय असं वाटतं. हात काढला की पुन्हा डुगडुग सुरू. तसंच रेटून भोक पाडलं तर एक भिंत जाड, एक पातळ, आणि वर ओढताना पातळ बाजू फाटते.

नवरा म्हणतो ताकद कमी पडते, जिमला जा. वर्गातल्या ताई म्हणायच्या, मातीशी भांडू नकोस, श्वासाकडे लक्ष दे. आता श्वासाकडे लक्ष दिलं की माती सुटते आणि मातीकडे दिलं की श्वास अडकतो.

प्रश्न सरळ आहे. हात नेमका कुठे, कसा आणि किती वेळ ठेवायचा? अध्यात्म नको, ही नम्र विनंती.

रिकामटेकडा

पहिला! आणि कुणी टाकायच्या आत सांगून ठेवतो, ‘ते’ गाणं टाकू नका. सगळ्यांना पाठ आहे.

पार्लेकरीण

ताकदीचा काही संबंध नाही गं. मी पाच फुटांची बाई, बरणीचं झाकण उघडायला शेजारच्यांना हाक मारते, पण तीन किलो माती आरामात बसवते.

डावं कोपर मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेच्या जवळ टेकव. नुसतं ठेवू नकोस, रोव. मग दाबायचं ते दंडाने नाही, कमरेतून पुढे झुकून. अंगाचं वजन कोपरातून तळव्यात उतरलं पाहिजे. चाकाकडे घड्याळ म्हणून बघितलंस आणि तू सहाच्या जागी बसली आहेस असं धरलंस, तर डावा तळवा आठच्या आसपास. उजव्या हाताची करंगळीकडची कड वरून, गोळ्याच्या डोक्यावर. दोन्ही हात एकमेकांना कुठेतरी लागलेले हवेत, अंगठ्याने का होईना. सुटे हात म्हणजे दोन वेगवेगळी माणसं काम करताहेत असं होतं.

स्टूल केवढं आहे तुझं? फार बुटकं असेल तर खांदे वर येतात आणि कोपर टेकतच नाही. बैठक साधारण थाळीच्या पातळीत हवी.

डावखुरा_दादर

वरचं सगळं उजव्या हातवाल्यांसाठी आहे, म्हणजे चाक घड्याळाच्या उलट फिरतंय असं धरून. आपल्याकडच्या बऱ्याच विजेच्या चाकांना दिशा बदलायचं बटण असतं. जपानात तर कुंभार चाक घड्याळाच्या दिशेनेच फिरवतात, त्यामुळे यात उलटं-सुलटं असं काही नाही. जुनं चाक घेतलंय ना, तर आधी ते कुठल्या दिशेने फिरतंय ते बघा. आधीचा मालक माझ्यासारखा असला तर बटण तसंच राहिलं असेल.

सातव्या_मजल्यावरची

@डावखुरा_दादर, बघितलं. घड्याळाच्या उलटच फिरतंय. @पार्लेकरीण, कोपर टेकवते मी, पण मध्येच उचललं जातं.

मळणकर

हाताचं नंतर बघू. माती मळतेस का? पाकिटातून काढली, तारेने कापली आणि थेट थाळीवर, असं करत असशील तर ब्रह्मदेव आला तरी गोळा बसणार नाही. पाकिटातली माती कडेला घट्ट आणि मधे मऊ, नाहीतर उलट. घट्ट भाग हाताला ढकलतो, मऊ भाग दबतो. तू कितीही स्थिर बस, माती एकसारखी नाही म्हटल्यावर ती एकसारखी दबणार कशी? शिवाय आत हवेचे बुडबुडे.

पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी, पोळीच्या कणकेइतकी सैल नको. चांगली मळ, दर वेळी थोडी वळवत, म्हणजे आतली माती बाहेर आणि बाहेरची आत जाते. मग चाकावर दोन्ही तळव्यांत धरून गोळा निमुळता वर चढव आणि वरून दाबून खाली बसव. असं दोन-तीनदा कर. मळताना राहिलेला फरक त्यात निघून जातो. खाली दाबताना मात्र कडेचा हात सोडायचा नाही, नाहीतर माती छत्रीसारखी पसरते आणि काठाखाली पाणी अडकतं.

खवय्या_ठाणेकर

पुरीच्या कणकेचं वाचून भूक लागली. चालू द्या.

खडूफळा

आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर हा नाद लागला. धागाकर्तीने ‘किती वेळ’ असं विचारलंय आणि त्याला अजून कुणीच हात घातलेला नाही.

गोळा मधोमध नाही म्हणजे काय? त्याचा एक भाग आसापासून लांब आहे. प्रत्येक फेरीत तो उंचवटा एकदा तुमच्या हाताशी येतो. हात जागचा हलला नाही तर उंचवटा थोडा आत ढकलला जातो, पुढच्या फेरीत आणखी थोडा. हात उंचवट्याबरोबर मागे-पुढे झाला, तर तुम्ही वेड्यावाकड्या गोळ्याची फक्त मालिश करताय. ‘हात ठेवलेला असतो तोवर गुळगुळीत वाटतं’ असं ताई लिहितात, त्याचं कारण बहुधा हेच. गोळा स्थिर झालेला नाही, त्यांचा हात डोलतोय. खात्री करायची तर बोटाचं टोक कशाला तरी टेकवून मातीजवळ आणा. बोट पूर्ण फेरीभर लागलं तर गोळा मधोमध. फेरीतून एकदाच लागलं तर नाही.

आता आकडे. चाक मिनिटाला २०० फेऱ्या घेत असेल तर एक फेरी ०.३ सेकंदात होते. तीन सेकंद हात स्थिर ठेवलात तर उंचवटा दहा वेळा हातावर आपटतो. म्हणूनच सेंटर करताना चाक जोरात आणि भिंत ओढताना हळू.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात काढणं. हात पटकन काढलात, म्हणजे एका फेरीपेक्षा कमी वेळात, तर शेवटचा दाब गोळ्याच्या एकाच बाजूला बसतो आणि इतका वेळ केलेलं काम तिथेच मोडतं. दाब दोन-तीन सेकंदांत कमी करत न्या. ‘हात काढला की डुगडुग’ हे वाक्य वाचल्यापासून मला शंका आहे की अर्धी गोम इथे आहे.

पार्लेकरीण

सर, शेवटच्या परिच्छेदाला +१००. मी हे वर्षानुवर्षं करतेय, पण का करतेय ते आज कळलं.

शांतरस

खडूफळा सरांचं सगळं मान्य. पण त्या वर्गातल्या ताईंची उगाच थट्टा होतेय. श्वासाचं जे सांगतात ते अध्यात्म नव्हे. दाबताना माणूस श्वास रोखतो. श्वास रोखला की खांदे कानाकडे सरकतात आणि खांदा वर गेला की कोपर मांडीवरून उचललं जातं. तुम्ही वर लिहिलंय ना, कोपर मध्येच उचललं जातं म्हणून? श्वास सोडत दाबा, कोपर आपोआप खाली राहील.

सातव्या_मजल्यावरची

हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. ताईंनी डोळे मिटायला लावले होते, त्यामुळे माझा गैरसमज झाला असावा.

नव्वदफुटी

मी धारावीतल्या कुंभारवाड्यातला. घरची भाषा गुजराती, शाळा मराठी, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तुम्हा लोकांचं हे एक किलोच्या गोळ्याचं प्रकरण मला कधी समजलं नाही. आमच्याकडे पोरगं चाकावर बसतं ते थेट मोठ्या ढिगाऱ्यावर. दहा-बारा किलोचा ढीग चाकावर बसवायचा, तो वरवर गोल केला की झालं, खाली थोडा हलला तरी कोण विचारतो. मग ढिगाच्या डोक्यावर मुठीएवढी माती दोन्ही हातांत पकडायची, तेवढीच मधोमध करायची, पणती काढायची, दोऱ्याने कापायची, पुढची. दिवाळीच्या आधी माझी काकी एका बैठकीत ढीग संपवून उठते आणि मधे एकदाही खाली बघत नाही, गप्पा चालू असतात.

नवीन माणसाला एक किलोचा गोळा दिला की तो थाळीजवळ वाकून, मनगट मोडून दाबतो. ढिगावर काम उंच येतं, हात मोकळे राहतात, आणि मूठभर माती बसवायला कुठली आलीय ताकद. हाताला एकदा समजलं की मधोमध म्हणजे कसं लागतं, मग हळूहळू माती वाढवत जायची.

आजोबांचं चाक काठीने फिरवायचं होतं. जड चाक, खुंटीवर टेकलेलं. काठी घालून जोर लावला की फिरत राहायचं, हळूहळू वेग उतरायचा. वेग आहे तोवर माती बसवून घ्यायची, उतरत आला की भिंत चढवायची. तुमचे सर म्हणतात ना आधी जोरात मग हळू, ते त्या चाकात फुकट मिळत होतं. आता आमच्या घरी पण मोटर आहे.

जेजेवाली

@नव्वदफुटी, पणतीपुरतं बरोबर आहे, आणि सरावाला ही उत्तम युक्ती आहे, हे मीही मान्य करते. पण ढिगावरून काढलेल्या भांड्याचा तळ नीट दाबला जात नाही. मग वाळताना किंवा भट्टीत तळाला इंग्रजी एसच्या आकाराची चीर जाते. पणतीला चालतं, कपाला नाही, कपातून चहा झिरपतो. मोठं ताट तर ढिगावरून निघणारच नाही. धागाकर्तीला कप-वाडगे करायचे असतील तर सुटा गोळा बसवायला आज ना उद्या शिकावंच लागेल.

जेजेत सिरॅमिकला असताना आमच्या वर्गात यावरून दोन तट होते, त्यामुळे इथे मिटेल अशी आशा नाही. अवांतर: भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तिथे बॉम्बे स्कूल ऑफ आर्टमध्ये, म्हणजे आमच्याच जेजेत, घडवलेली जुनी भांडी ठेवलीत. जेजे सुरू झालं १८५७ साली आणि तिथे शिकवणाऱ्या टेरीसाहेबांच्या काळात, १८७०च्या दशकात, तिथे मातीकामाचा कारखानाच उभा राहिला होता. सुरईच्या गळ्याशी डोळे नेऊन बघा. निळ्या-हिरव्या झिलईखाली बोटांचे वेढे कुठे कुठे दिसतात, आणि ते एकसारखे आहेत.

नव्वदफुटी

चीर जाते कारण तुम्ही तळाला हात लावत नाही. आमच्याकडे माठ चाकावरून उतरला की अर्धवट सुकल्यावर आतून दगड धरून बाहेरून थापटतात. तळ तिथेच बनतो, चाकावर नाही. कपाचं मात्र मान्य, कप आम्ही फारसे करत नाही.

कच्चं_मडकं

थापटण्याचा विषय निघालाच आहे आणि माझं सदस्यनाम हे असताना गप्प कसा बसू? तेरच्या गोरोबाकाकांना मुक्ताबाईने विचारलं, यातली भाजलेली मडकी कुठली नि कच्ची कुठली. काकांनी थापटणं घेतलं आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक टोला हाणत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. पुढे त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले तो भाग वेगळा.

बाजारात आजही माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवूनच घेतात. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर कुठेतरी चीर, नाहीतर भाजणीत कसर.

रिकामटेकडा

अध्यात्म नको असं पहिल्याच लेखात लिहिलं होतं. तरी गोरोबाकाका आलेच.

कच्चं_मडकं

हा दर्जा-तपासणीचा भाग आहे. (हलके घ्या)

सातव्या_मजल्यावरचा_नवरा

नमस्कार. मी फक्त जिम म्हटलं होतं. त्याचं इतकं होईल असं वाटलं नव्हतं. बाकी ऑफिसचे पांढरे शर्ट मशीनमधून गेरू रंगाचे येताहेत, त्यावर कुणी बोलेल का?

पार्लेकरीण

हसून हसून पुरेवाट! शर्ट सोडा हो, नळाचं बघा. हात-भांडी धुतलेलं पाणी थेट जाळीत ओतत असाल तर थांबा. माती पाइपच्या वळणात बसते आणि घट्ट होते. आमच्या सोसायटीत एकदा खालच्या मजल्यावरच्यांच्या मोरीत पाणी उलटं आलं होतं. त्यानंतरच्या सभेत काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. बादलीत धुवायचं, रात्रभर ठेवायचं, वरचं निवळ पाणी झाडांना, खालचा गाळ जुन्या उशीच्या अभ्र्यात टांगायचा. पुन्हा मळली की तीच माती वापरता येते.

आणि सांडलेली माती सुकल्यावर झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. त्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसाला वाईट.

वसईकर_मिस्त्री

मातीकामातलं मला शून्य कळतं, फरशीकामातलं कळतं. ताई, चाक ड्राय बाल्कनीत आहे म्हणालात. तिथे आम्ही जाळीकडे ढाळ काढतो. तो ढाळ असेल तर चाक लेव्हलला नाही. पाणसळ लावून बघा. आधी ते करा, मग श्वास.

खडूफळा

मिस्त्री, नुसत्या ढाळाने बिघडतं हे पटत नाही. आस कलला तर थाळीही त्याच्याबरोबर कलते, आणि माती त्या कललेल्या आसाभोवतीच फिरते. मधोमध बसायला त्याने अडचण येऊ नये. फार तर पाणी चाकाभोवतीच्या तबकात एका बाजूला साचेल.

वसईकर_मिस्त्री

सर, पुस्तकातला ढाळ एका बाजूला असतो. आमचा ढाळ जाळीपाशी चहूकडून उतरतो. तशा फरशीवर चार पायांची कुठलीही वस्तू ठेवा, एक पाय अधांतरी राहणारच. वॉशिंग मशीन धडधडतं ते उगाच नाही.

खडूफळा

हा मुद्दा बिनतोड आहे, शब्द मागे घेतो. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात, चारांची खात्री नाही. आणि पाय अधांतरी असला तर दाब दिल्यावर आख्खं चाकच झुकतं. मग हात कितीही स्थिर असला तरी थाळी हाताखालून सरकतेय. ताई, तुमच्या चाकाला पाय किती?

सातव्या_मजल्यावरची

चार. आत्ता जाऊन बघून आले. तबकाच्या डाव्या कोपऱ्यावर तळहाताने जोर दिला की ‘टक’ असा आवाज येतो आणि मागचा उजवा पाय वर उचलला जातो. जाळीच्या बाजूचाच पाय आहे. मी दाबते डावीकडूनच! मोटर चालू असते आणि शेजारी मशीन, त्यामुळे हा आवाज कधी ऐकूच आला नाही.

वसईकर_मिस्त्री

कागदाच्या घड्या नका घालू, भिजून लगदा होतो. रबर घाला.

शाडूप्रेमी

मधेच विचारतो. शाडूची उरलेली माती चाकावर चालेल का? गणपतीनंतर घरात बरीच पडून आहे.

जेजेवाली

शाडू मूर्तीसाठी छान. चाकावर मात्र लवचिकपणा कमी पडतो, भिंत ओढताना चिरते. चाकासाठी घेतलेल्या मातीत थोडी मिसळून बघा, आणि भट्टीत देण्याआधी भट्टीवाल्याला नक्की सांगा. वेगळी माती वेगळ्या तापमानाला वितळू शकते. टेराकोटा साधारण ९०० ते १००० अंशांत भाजतात, स्टोनवेअर, म्हणजे टणक, न झिरपणारी भांडी, १२००च्या पुढे. चुकीची माती चुकीच्या भट्टीत गेली तर शेजारच्याचीही भांडी जातात आणि मैत्रीही.

सातव्या_मजल्यावरची

रविवारचा वृत्तांत. जुन्या स्लिपरचा टाचेकडचा तुकडा कापून पायाखाली सरकवला. टक आवाज बंद. माती मळून घेतली. नव्वदफुटींचं ऐकून आधी मोठ्या ढिगावर मुठीएवढी माती बसवली, दोन ओबडधोबड पणत्या निघाल्या. मग सुटा किलोचा गोळा. कोपर रोवलं, श्वास सोडला, हात काढताना मनात एक-दोन-तीन म्हटलं. बसला! बोट टेकवून बघितलं, पूर्ण फेरीभर लागतंय.

आता पुढचं दुखणं. मधोमध बसलेल्या गोळ्यात अंगठे घालून भोक पाडायला गेलं की तिथे पुन्हा डुगडुग. हे का?

सातव्या_मजल्यावरचा_नवरा

स्लिपर जुनी नव्हती.

जेजेवाली

अभिनंदन! भोक पाडताना अंगठा बरोब्बर आसावर उतरायला हवा. आधी गोळ्याच्या डोक्यावर मधोमध छोटा खळगा कर, त्यात पाण्याचे दोन-चार थेंब टाक आणि मग त्याच खळग्यातून सरळ खाली. अंगठा कोरडा असला की माती खेचली जाते आणि पुन्हा बाजूला होते. दुसऱ्या हाताने पहिल्या हाताचं मनगट धर. तळाला करंगळीएवढी जाडी ठेवून थांब. किती खाली गेलीस ते कळत नसेल तर चाक थांबवून सुई टोचून बघ, ते भोक नंतर बुजतं. मग तळ आतून बोटांनी मधून बाहेर आणि बाहेरून मधे असा दाबून घे, म्हणजे ती एसची चीर येणार नाही. नव्वदफुटी, ऐकताय ना?

नव्वदफुटी

ऐकतोय. पणत्यांचा फोटो टाका ताई, ओबडधोबड असल्या तरी चालेल.

डावखुरा_दादर

नव्वदफुटी, तुमच्याकडे माती सुटी मिळते का? मीही येईन म्हणतो. आणि भाजून देता का?

नव्वदफुटी

मिळते, मळलेली घ्या. नव्वद फुटी रस्त्यावरून आत शिरलात की कुणालाही विचारा. भट्टी आमची चौकातली आहे, चिंध्या-कापूस जाळून पेटवतो, त्यात फक्त लाल माती. स्टोनवेअर आणू नका, कच्चं राहील. दिवाळीच्या आधीचा महिना सोडून या, तेव्हा तुमच्याशी बोलायला कुणी मान वर करणार नाही. सकाळी लवकर या. आणि माती लोकलने न्यायची असेल तर दुहेरी पिशवीत घाला, मागच्या वेळी एकांची पिशवी सायनच्या पुलावर फाटली.

डावखुरा_दादर

पुढच्या शनिवारी येतो. पिशव्या तीन आणतो.